पारडी बदलून पाहणारे मास्तर

आमच्या शाळेचे जुने विद्यार्थी अधूनमधून अमरावतीला जमतात. त्या मेळाव्यांत मी जवळजवळ प्रत्येक शिक्षकावर बोललो आहे. ड्रॉइंगच्या सरांवर बोललो, संस्कृतच्या शास्त्र्यांवर बोललो, ज्यांनी मला एका वर्षात काही शिकवलं नाही अशांवरही बोललो. एका माणसाबद्दल मात्र कधी बोललो नाही. कोणी त्यांचा विषय काढला की मी चहा आला का ते बघायला उठत असे. आता विषय काढणारे कोणी राहिले नाहीत. चहाचं निमित्तही राहिलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावात ते नुसते ‘मास्तर’ होते आणि मलाही तेवढंच म्हणता येतं.

ते आम्हाला विज्ञान शिकवत. मूळचे पातूरकडचे. वडील अकोल्याच्या कापूसबाजारात मापारी होते, म्हणजे काट्यावर कापूस तोलून वजन पुकारणारे. मास्तर अमरावतीत परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत दोन खोल्यांत एकटे राहत. बंद गळ्याचा कोट, त्याच्या खिशात खडू, कधी तांब्याची तार, कधी अर्धा खाल्लेला पेरू. लग्न झालं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. कारण त्यांना काही विचारलं की ते तोच प्रश्न उलटा करून आपल्यालाच विचारत.

भाजी घेताना त्यांना पाहणं हा आम्हा पोरांचा करमणुकीचा भाग होता. बाईनं वांगी तोलली की मास्तर म्हणत, “आता पारडी बदल.” म्हणजे वजनाच्या पारड्यात वांगी टाक आणि वांग्यांच्या पारड्यात वजन. काटा खरा असेल तर दोन्ही वेळा दांडी सरळ राहते. खोटा असेल तर बिंग फुटतं.

“मास्तर, रोजचंच झालं तुमचं! काहून संशय घेता माह्यावर?”

“तुह्यावर नाई घेत, बाई. काट्यावर घेतो.”

“काटा त माह्याच हाय न!”

“म्हनूनच त म्हनतो, बदल.”

बाई कपाळाला हात लावी, पण पारडी बदली. जाताना मास्तरांच्या पिशवीत मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, मोफत टाकी. मला वाटतं, सगळ्या बाजारात तिचाच काटा खरा होता आणि तो खरा आहे हे चारचौघांत सांगणारं मास्तरांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

ही पारडी बदलण्याची खोड त्यांनी आयुष्यभर सगळीकडे चालवली. आमचे हेडमास्तर पुण्याचे. त्यांना मास्तरांची वऱ्हाडी सोसत नसे. एकदा वर्गाच्या दारात उभं राहून ते म्हणाले, “मुलांसमोर जरा शुद्ध बोलत चला. ‘मले’ काय, ‘मले’? कानाला कसंसंच होतं.” मास्तर हातातला खडू न ठेवता म्हणाले, “तुमी आता मले ‘टाईमटेबल’ बदलाले सांगून ऱ्हायले होते. थ्या शब्दानं कानाले काई झालं नाई?” हेडमास्तर निघून गेले. मास्तर आमच्याकडे वळून म्हणाले, “हसू नका रे पोट्टेहो. थे खोटं बोलले नाई. तोलाचं एकच पारडं पाह्यलं त्यायनं.”

शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी वादसभा भरे. गावातले वकील, शिक्षक, व्यापारी, कॉलेजची मुलं, सगळे येत. तिची सूत्रं मास्तरांकडे होती आणि तिचा एक नियम त्यांनीच घातलेला होता. दोन वक्ते समोरासमोर बसत. दोघांचं बोलणं रंगात आलं की मास्तर बैलाच्या गळ्यातली घाटी वाजवत. घाटी वाजली की दोघांनी उठायचं, खुर्च्या बदलायच्या, डोक्यावरच्या टोप्याही बदलायच्या आणि आतापर्यंत ज्याला विरोध केला तीच बाजू मांडायची. त्या काळात टोपीवरून माणसाचं मत कळे. काळी टोपी एका पक्षाची, खादीची पांढरी दुसऱ्या पक्षाची. दुसऱ्याची टोपी डोक्यावर येताच भलीभली माणसं बावरत. एकाच्या डोक्यात ती शिरत नसे, दुसऱ्याच्या कानांवर उतरे. लोक हसत. हसता हसता बोलणारा स्वतःचेच मुद्दे खोडून काढू लागे आणि हॉल हळूहळू गप्प होई.

बोलपटांवरची सभा मला आठवते. आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, एक नामांकित वकीलसाहेब, बोलपटांच्या विरोधात बोलायला उभे होते. गावात बोलपटाची जाहिरात करत टांगा फिरे, त्यावर भोंगा लावलेला असे. वकीलसाहेब म्हणाले, हा भोंगा म्हणजे यंत्रानं संस्कृतीवर केलेला हल्ला आहे. पडद्यावर बायका गातात आणि तरुण पिढी बिघडते. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला.

घाटी वाजली. वकीलसाहेबांनी नाइलाजानं टोपी बदलली.

मास्तरांनी विचारलं, “वकीलसाहेब, तुमच्या नाटकमंडळीत नायिकेचं काम करनारा पोरगा शालू नेसून गाते, तवा पिढीचं काय होते?”

“ती कला आहे.”

“बरं. अन् उत्सवात देवळावर भोंगा होता, थो कोनाचा होता?”

मागून कोणीतरी ओरडलं, “टांग्यावरचाच! दुकान एकच हाय न भाड्याचं!”

सगळा हॉल हसत सुटला. वकीलसाहेबही हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मी पुढच्या रांगेत होतो. हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं. दुसऱ्याचं पारडं वर जाताना बघायला मला फार आवडे.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि वादसभेचा चिटणीस होतो. मास्तरांचा आवडता विद्यार्थी, असं लोक म्हणत. मी रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीवर जाई. त्यांनी स्वतः सुटे भाग जुळवून एक रेडिओ केला होता. त्याला पेटी नव्हती. तारा आणि दिवे उघडेच दिसत. लढाई सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. मास्तर आधी लंडनच्या बातम्या लावत, मग बर्लिनच्या. भिंतीवर एक फळा होता. मध्ये रेघ मारून ते एका बाजूला लंडननं बुडवलेली जहाजं लिहीत, दुसऱ्या बाजूला बर्लिननं बुडवलेली. दोन्हीकडे अक्षर एकाच आकाराचं.

“दोघायचीही खरी मानली,” ते म्हणत, “त समुद्रात आता मासे ठेवाले जागा नाई.”

शत्रूचं स्टेशन चारचौघांत लावण्याची सरकारची मनाई होती. मास्तर बर्लिन लावताना खिडकी लावून घेत आणि आवाज कानाला लागेल इतकाच ठेवत. आमच्या घरीही रेडिओ होता, चांगला शिसवी पेटीचा. माझे वडील कापसाचे अडते होते, एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांची भागीदारी होती. त्यांच्या बैठकीतही ते स्टेशन लागे. इंग्रजांची पडती बाजू ऐकून व्यापारी मंडळी मांडीवर थाप मारत, पान खात, आणि मग फौजेच्या तंबूंसाठी कापूस पुरवण्याच्या कंत्राटाचं बोलत. ही दोन कामं एकाच तक्क्याला टेकून होत. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मी पांढरी टोपी घालत होतो, तेवढ्यानं माझ्या घराचा हिशेब चुकता झाला, असं मी धरून चाललो होतो.

मग ती सभा आली. विषय मीच सुचवला होता: फौजेत भरती होणं हा देशद्रोह आहे की नाही. देशद्रोह आहे, या बाजूनं मी बोलणार होतो. हॉल खच्चून भरला होता. शाळेचा शिपाई नामदेव नेहमीसारखा दाराशी उभा होता. त्याचा एकुलता एक मुलगा गेल्याच महिन्यात भरती झाला होता. हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं.

मी फार चांगलं बोललो. आजही मला ते कबूल करावं लागतं. मी म्हणालो, “जो पैशासाठी परक्याच्या लढाईला पोरगा देतो, तो आईला विकतो. असे लोक दूर नाहीत. या शाळेच्या दारातही असं एक घर उभं आहे.”

माना दाराकडे वळल्या. नामदेव खाली बघत राहिला. टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांत घाटी वाजली.

मास्तर मला म्हणाले, “टोपी दे त्याले.”

माझ्या विरुद्ध बोलणाऱ्या तरुण वकिलानं आपली काळी टोपी काढून पुढे केली. मी हललो नाही. तोवर वादसभेत कोणी घाटीचा नियम मोडला नव्हता. मी म्हणालो, “मास्तर, ही टोपी मी खेळासाठी घातलेली नाही. ती मी काढणार नाही.”

हॉलमध्ये जयजयकार झाला. मास्तर तो संपेपर्यंत थांबले.

“बरं. टोपी राहू दे डोक्यावर. वाक्य तेवढं पुन्हा म्हन. एकच शब्द बदल. पोरगा काढ, कापूस टाक.”

“म्हणजे?”

“‘जो पैशासाठी परक्याच्या लढाईले कापूस देते.’ म्हन पुढे.”

कोणी हसलं नाही. आमच्या जिनमधून स्टेशनवर जाणाऱ्या गाड्या गावानं पाहिल्या होत्या. वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “कापसाला देश नसतो.”

मास्तर शांतपणे म्हणाले, “अन् पोटाले असते का गड्या?”

मी खाली बसलो. वडील उठून गेले. नामदेवनं रोजच्यासारखे दिवे मालवले, खुर्च्या लावल्या. जाताना मास्तर त्याला म्हणाले, “चाल, तुह्यासंग चालतो घरापर्यंत.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण रागानं नव्हे. मला त्यांचा राग परवडला असता.

त्यानंतर मी महिनाभर त्यांच्याकडे गेलो नाही. मग एका दुपारी तेच आमच्या दारात आले. बहीण आजारी होती, त्यांना पातूरला जायचं होतं. खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, “सेटवर धूळ बसू देऊ नको. अन् फळा पुसू नको.” बस इतकंच. मागच्या सभेचा एक शब्दही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चार मित्रांना घेऊन त्या खोलीत गेलो. मला त्यांना दाखवायचं होतं की मी काही त्या म्हाताऱ्याला भीत नाही. मी बर्लिन लावलं. खिडकी सताड उघडी होती, ती मी लावली नाही. आवाज वाढवला. इंग्रजांचं जहाज बुडाल्याची बातमी आली तेव्हा आम्ही ओरडलो, टेबलावर मुठी आपटल्या. खाली रस्त्यावर माणसं थांबून वर बघत होती. आम्हाला ते आवडलं.

मास्तर परत येण्याच्या आधी पोलिसांकडे तक्रारीचा कागद गेला होता: मास्तरांच्या खोलीत शत्रूचा रेडिओ जाहीरपणे वाजतो आणि मुलांना भडकवलं जातं. पोलिसांनी शाळेला कळवलं की तुम्हीच चौकशी करा, आम्ही वाट बघतो. शाळेला सरकारी ग्रँट होती. कमिटी बसली. वकीलसाहेब अध्यक्ष, माझे वडील सभासद.

मला साक्षीला बोलावलं. सकाळी जोडे घालताना वडील म्हणाले, “विचारलं तेवढंच सांग. पुढचं-मागचं उगाळू नको.”

मी म्हणालो, “पण बाबा, त्या दिवशी मास्तर इथं नव्हते.”

“तुझं नाव पोलिसांत गेलं तर आपलं कंत्राट जाईल. जिनवर माणसं कामाला आहेत, त्यांचा विचार कर.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि त्या माणसानं भरसभेत तुझ्या बापाची काय शोभा केली, तेही आठव.”

वकीलसाहेबांनी मला तीन गोष्टी विचारल्या. रेडिओ कोणाचा? मी म्हणालो, मास्तरांचा. त्यावर शत्रूचं स्टेशन लागत असे का? लागत असे. तू तिथं ऐकायला जात होतास का? जात होतो. प्रत्येक उत्तर खरं होतं. त्या दिवशी खोलीची किल्ली कोणाकडे होती, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मास्तरांना बोलावलं. ते आत आले, मला पाहिलं आणि समोरच्या बाकावर बसले. वकीलसाहेब म्हणाले, “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

आपण त्या दिवशी पातूरला होतो, एवढं सांगितलं असतं तरी ते सुटले असते. ते माझ्याकडे बघत राहिले. वाट बघत होते. वर्गात कच्च्या मुलाला उत्तर सुचेपर्यंत ते जसे थांबत, तसे थांबले होते. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत होतो.

शेवटी ते म्हणाले, “एक विनंती हाय. पारडी बदलून पाहा. जो सवाल मले केला, थोच इथं ज्याच्या ज्याच्या घरी रेडिओ हाय त्याले करा. दांडी सरळ राह्यली, त मी आताच्या आता राजीनामा देतो.”

त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरी रेडिओ होता. वकीलसाहेबांनी लेखणी उचलून ‘उद्धट वर्तन’ असं लिहून घेतलं. मास्तरांची नोकरी गेली. रेडिओ पोलिसांनी नेला.

गावात मात्र निराळंच पसरलं. पोलिसांच्या लेखी ते जर्मनांचे हस्तक होते, आणि पांढऱ्या टोपीवाल्यांत बोललं जाऊ लागलं की ते सरकारचे माणूस, फौजभरतीची बाजू घेत होते, म्हणून शाळेनं काढलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकत नाहीत, हे तपासायला घाटी वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. दुसरी अफवा मी खोडली नाही. मला ती सोयीची होती.

नामदेवचा मुलगा ब्रह्मदेशाकडून परत आला नाही. मास्तर तेव्हा अमरावती सोडून गेले होते, तरी ते आले, त्याच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिले आणि संध्याकाळी गेले. हे मला नामदेवनंच सांगितलं. मी गेलो नव्हतो. त्याच वेळी तो म्हणाला, “मी इचारलं त्यायले, तुमी कमिटीत काहून नाई बोल्ले? त म्हने, गप राह्यलो त माही नोकरी जाईन, बोललो त थ्या पोट्ट्याचं अख्खं वय जेलात जाईन. तोलून पाह्यलं म्हने.” नामदेवनं पोरगा कोण हे विचारलं नाही. तो माझ्याकडे बघतच ते सांगत होता.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि ती संध्याकाळ माझ्या फार उपयोगी पडली. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून, खिडकी उघडी टाकून शत्रूचं स्टेशन ऐकणारे आम्ही तरुण! सत्कारांत हे सांगितलं गेलं, मीही सांगितलं, लोकांनी हार घातले. ज्या गोष्टीसाठी एका माणसाच्या हातचा खडू गेला, तिच्यासाठी माझ्या गळ्यात फुलं पडली. खोली कोणाची होती, ते मी कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. आज सांगतो. खोली मास्तरांची, रेडिओ मास्तरांचा, हात माझा. मास्तर त्या दिवशी पातूरला होते.

लढाई संपत आली होती तेव्हाची एक भेट मात्र सांगायची उरते. वडील थकले होते, म्हणून कापसाच्या गाड्या आधी रवाना करून मी अकोल्याच्या बाजारात गेलो. मास्तर तिथं वडिलांच्या जागी मापारी झाले आहेत हे मला ठाऊक होतं. खरं तर मी त्यासाठीच गेलो होतो. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत आगगाडीत मी एक वाक्य घोकत होतो. छोटंसंच होतं.

काट्यावर तेच होते. कोट गेला होता, मुंडासं आलं होतं. भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते. माझं बोचकं पारड्यात चढलं. त्यांनी मला ओळखलं, पण इतरांशी बोलत तसंच बोलले. वजन पुकारलं आणि दांडीवर हात ठेवून विचारलं, “पारडी बदलू?”

मी म्हणालो, “नको मास्तर. तुमच्यावर माझा भरवसा आहे.”

बोललो आणि मला कळलं की हे वाक्य मी कुठं बोलायला हवं होतं.

“माह्यावर नको ठेवू,” ते म्हणाले. “काट्यावर ठेव.” आणि त्यांनी माणसांकडून पारडी बदलून घेतली. दांडी सरळ राहिली. त्यांनी तेच वजन पुन्हा पुकारलं.

मी पुढे झालो. म्हणालो, “मास्तर, त्या संध्याकाळी तुमच्या खोलीत...”

त्यांनी दांडीवरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघत थांबले. तेच थांबणं होतं, कमिटीच्या खोलीतलं. घाई नाही, राग नाही. उत्तर मला येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला.

मागून गाडीवान ओरडला, “ओ भाऊ, सरका न बावा! बैल कवाचे उभे हायेत!”

मी सरकलो.